शर्यतीच्या सकाळचं चूर्ण

लग्न होऊन निघोज्याला आले तेव्हा मला घोड्याची भीती वाटायची. मी दापोडीची, रेल्वेलाइनच्या कडेच्या चाळीत वाढलेली. घोडा म्हणजे ज्यावर नवरदेव बसतो तो, एवढीच माझी ओळख. सासरी मात्र अंगणात शिरल्याशिरल्या डाव्या हाताला घोडी बांधलेली. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा पट्टा. पहिले कितीतरी दिवस मी घरात जाता-येता उजव्या भिंतीला घासून जायचे.

घरात माणसं तीनच. सासरे, नवरा आणि मी. सासूबाई आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्याला शिफ्ट बदलायची. सासरे शेती बघायचे, पण त्यांचं खरं लक्ष घोडीवर. आमच्याकडे जत्रा लागल्या की बैलगाड्याच्या शर्यती असतात. चढाची धाव बांधलेली असते, तिला घाट म्हणतात. चार बैल जुंपलेला गाडा आपल्या पाळीला, म्हणजे बारीला, खालून सुटतो, वर माणूस नसतो, आणि बैलांच्या पुढं घोडी पळवायची. ती पुढं दिसली की बैल जिवाच्या आकांतानं धावतात. घोडीवरचा माणूस जरा ढिला पडला तर मागून गाडा अंगावर येणार. माझे सासरे पन्नाशी ओलांडल्यावरही ती घोडी स्वतः पळवायचे. अंगानं सडपातळ, डोक्याला मुंडासं, पायात काही नाही. गाडामालक आठ दिवस आधी घरी येऊन त्यांना सांगून जायचे, "यंदा आमच्या बारीला तुमीच."

पहिल्या चैत्रात शर्यतीच्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर सासरे घोडीजवळ उकिडवे बसलेले, दोन्ही हातांनी पोट धरून. चेहरा पांढरा पडलेला. मी घाबरून नवऱ्याला उठवलं. तो कूस बदलून म्हणाला, "शर्यतीच्या दिवशी त्यांचं असंच होतं. पोट ढवळतं. आई कसलंसं चूर्ण द्यायची, ते खाऊन जायचे."

"कसलं?"

"मला काय माहीत. डब्यात असायचं."

डबा मिळाला. आत काही नव्हतं, नुसता ओव्याचा वास. माझी आई दापोडीला ओवा भाजून काळं मीठ घालून द्यायची, तेच मी घाईघाईनं केलं. सासऱ्यांनी चिमूट तोंडात टाकली, वरून कोमट पाणी घेतलं, थोडा वेळ डोळे मिटून बसले.

"बरं हाय," ते म्हणाले. "पण हे न्हाई."

आणि घोडी घेऊन निघाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा शर्यत पाहिली. आम्ही बायका बाजूच्या बांधावर बाभळीखाली बसलो होतो. खाली धूळ उठली, ओरडा झाला, आणि धुळीतून एकदम घोडी बाहेर आली. सासरे तिच्या मानेवर इतके वाकलेले की माणूस कुठला नि घोडी कुठली कळू नये. सकाळी पोट धरून बसलेला माणूस तो हाच, हे मला पटेना. मागं चार बैलांची शिंगं दिसत होती. तो सगळा खेळ पाणी पिऊन होईपर्यंत संपला.

मग ते चूर्ण हुडकणं माझ्या मागंच लागलं. सासू नसलेल्या घरात सून म्हणून आलं की प्रत्येक गोष्ट स्वतःलाच शोधावी लागते. मीठ कुठं ठेवायचं इथपासून. गल्लीतल्या एका म्हातारीनं सांगितलं, मुरुडशेंग उगाळून द्यायची असंल. दुसरी म्हणाली, न्हाई, बाळहिरडा. चाकणच्या बाजारातल्या काष्ठौषधीवाल्यानं सुंठ, बडीशेप, हिंग अशा पुड्या बांधून दिल्या. मी दर जत्रेला काहीतरी निराळं करायचे. सासरे खायचे. पोट शांतही व्हायचं. पण घोडीचा लगाम हातात घेताना म्हणायचे, "हे न्हाई." रागानं नाही. कुणाचा निरोप यायचा होता आणि आला नाही, अशा सुरात.

त्यानंतर दोनेक वर्षांनी असेल, एका दुपारी घोडीचंच पोट दुखायला लागलं. नवरा फर्स्ट शिफ्टला होता. सासरे ओरडले म्हणून मी बाहेर आले. घोडी पुढच्या पायानं जमीन उकरत होती, मान वळवून पोटाकडं बघत होती, बसत होती, उठत होती. अंग घामानं भिजलेलं. सासऱ्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या गावात होते, यायला संध्याकाळ होणार.

"धर," म्हणून सासऱ्यांनी दोर माझ्या हातात दिला. "फिरव तिला. खाली बसू दिऊ नगं. बसली की लोळती, आन् लोळली की आतडं पिळतं."

"मी, मामंजी?"

"मग कोण? मी औषिद कुटतो."

मी दोर धरला. घोडी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती, हे तिच्या श्वासावरून कळत होतं. अंगणातून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून अंगणापर्यंत आम्ही दोघी चालत राहिलो. ती थांबली की मी तिच्या मानेवर हात ठेवून "चल बाई, चल" म्हणायचे. सासरे स्वयंपाकघरात गेले. त्या घरात मी त्यांना चुलीकडं गेलेलं कधी पाहिलं नव्हतं. डबे आपटल्याचे आवाज आले, मग ते खलबत्ता घेऊन पायरीवर येऊन बसले. ओवा, हिंग, सुंठ, काळं मीठ. शेवटी जुन्या गुळाचा खडा टाकून कुटायला लागले.

"तुम्हाला येतं होय करायला?" मी विचारलं.

"कुठलं येतंय. तुझी सासू करायची. घोडीला आठपंधरा दिसांनी द्यायची. सामान मी आणून द्यायचो, तेवढं ठावं हाय."

मी घोडीला घेऊन वळले, परत आले, तर खलबत्त्याचा आवाज थांबलेला. सासरे बोट तोंडात घालून बसले होते. मिठाचा अंदाज घ्यायला त्यांनी चाटून बघितलं असावं.

"मामंजी, काय झालं?"

"चाखून बग."

मी दोर डाव्या हातात घेऊन बोटभर चाखलं. आधी ओव्याचा तिखट झणका, मग हिंग, आणि सगळ्यात शेवटी गूळ.

"हेच हाय," ते म्हणाले.

मला पटकन कळलं नाही. मग कळलं.

"म्हंजी इतकी वर्सं तिनं मला घोडीचं औषिद चारलं," ते म्हणाले. "आन् मी गावभर सांगायचो, आमच्या घरात माझ्यापुरतं निराळं चूर्ण करत्यात म्हणून." ते हसायला लागले. खांदे हलत होते. मग मुंडाशाच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "फिरव, फिरव, थांबू नगं."

गुळाचे गोळे करून आम्ही घोडीला चारले. दिवस मावळायला डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली, फिरवत ठेवली ते बरं केलं म्हणाले. थोड्या वेळानं घोडीनं लीद टाकली आणि सासऱ्यांनी जमिनीवर बसकण मारली. चूर्णानं बरं वाटलं, सुईनं की चालण्यानं, मला सांगता येणार नाही. त्या दिवसानंतर मी भिंतीला घासून जाणं बंद केलं. पुढच्या जत्रेपासून मी चूर्ण केलं की सासरे अर्धं स्वतः खायचे आणि अर्धं तळहातावर घेऊन घोडीपुढं धरायचे.

ती चार-पाच वर्षं चांगली गेली. मग शर्यतींचं प्रकरण कोर्टात गेलं आणि शर्यती बंद झाल्या. सुरुवातीला सगळे म्हणायचे, पुढच्या वर्षी सुटंल. पुढचं वर्ष आलं, गेलं. तोवर आमच्या खालच्या रानात कंपनीची भिंत उभी राहिली होती, रस्ते रुंद झाले होते. सासरे पहाटे घोडी रस्त्याच्या कडेनं पळवायला न्यायचे. कंटेनरवाले मागून हॉर्न मारायचे आणि घोडी बिथरायची. जत्रेला देवाची पालखी निघायची, कुस्त्या व्हायच्या, पण घाटावर गवत. तरी त्या सकाळी सासऱ्यांचं पोट ढवळायचंच. मी चूर्णाची वाटी नेऊन द्यायचे. ते चिमूट तोंडात टाकायचे.

शेवटी घोडी त्यांनी जुन्नरकडच्या एका ओळखीच्या माणसाकडं पाठवली. तिथं मोकळं रान होतं. टेम्पोत चढताना तिनं त्रास दिला नाही. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत.

शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना काठी लागत होती. घोडी त्याआधीच म्हातारी होऊन गेल्याचं कळलं होतं. मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून घाटावर घेऊन गेले. गर्दी पूर्वीपेक्षा दुप्पट, मोबाइल वर धरलेले, लाउडस्पीकर कान फोडणारा. कुणीतरी ओळखून त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. पहिली बारी सुटली. एक काळी घोडी धुळीतून वर आली, तिच्यावर विशीतला पोरगा. सासऱ्यांनी मान डोलावली. "चांगला हाय. हात हलका हाय."

दोन-तीन बाऱ्या बघितल्यावर ते म्हणाले, "आज सकाळी पोटाला काय बी झालं न्हाई."

"बरं झालं की मामंजी."

"व्हय," ते म्हणाले, आणि काठीवर दोन्ही हात टेकले. मला वाटलं, उन्हानं थकले.

परतताना चौकात नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. इंजिन बंद करून आम्ही थांबलो. ते मागून म्हणाले, "तुझी सासू येक दिस बी घाटावर आली न्हाई. घरात दार लावून बसायची. मी परत आलो की दार उघडायची."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

"तू मात्र यायचीस," ते म्हणाले. "कुटं बसायचीस गं?"

"डाव्या बांधावर. बाभळीखाली."

"मला कदी दिसली न्हाईस. पुढं बगाया लागायचं."

"मला तुम्ही दिसायचात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुनेला असा हात लावायची आमच्याकडं रीत नाही. रांग हलेपर्यंत तो तिथंच होता, मग सिग्नल सुटला आणि मी गाडी चालू केली. पुढच्या पौषात ते गेले. मी आता भोसरीला एका वर्कशॉपमध्ये हिशेबाचं काम करते, रोज त्याच चौकातून जाते. रांग अजूनही तशीच लागते. मी इंजिन बंद करते आणि थांबते.