कायद्याची फळी

आमच्या रेंजवर छर्ऱ्यांपेक्षा किस्सेच जास्त साचतात! मंगरूळपीरला एका जुन्या शेडमध्ये मी पोरापोरींना नेमबाजी शिकवतो. आमची रायफल हवेवर चालते, ताकद कमी, म्हणून लायसन लागत नाही. नियम सोपा आहे. पण ही बंदूक, खेळणं की खेळाचं सामान, यावर दोन माणसांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलं नाही.

निवडणूक लागली. हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला. मी इमानदारीत रायफल घेऊन ठाण्यात गेलो.

"लायसन?" जमादारांनी विचारलं.

"लागत नाही."

"मंग हे हत्यारच नाही. घेऊन जा!"

दुसऱ्या दिवशी तेच जमादार रेंजवर हजर. "मास्तर, हत्यार काहून जमा नाही केलं?"

*

रिसोडच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "बंदूक? उतरा खाली." मी म्हटलं, खेळाचं सामान आहे. "मंग लगेजचं तिकीट काढा." काढलं. तोवर 'बंदूक' हा शब्द मागपर्यंत पोचला होता. पाच जणांच्या बाकावर मी एकटा, पाय पसरून रिसोडला!

*

रेंजच्या परवानगीसाठी गेलो. एक साहेब म्हणाले, "खेळण्याले परवानगी कायले?" दुसरे म्हणाले, "हत्यार पोरांच्या हाती देता?" दोघांची टेबलं एकाच खोलीत होती!

*

आमचे हमीदचाचा सुतार, निशाण्याच्या चौकटी तेच करतात. छर्रा इंचभर जाड फळीच्या पार गेला तर हत्यार, नाही तर खेळणं, अशी चाचणी असते हे त्यांनी कुठंसं ऐकलं. लगेच एक फळी रंधा मारून दिली. "कायदा कोन समजावते मास्तर? फळी दाखवा!" तेव्हापासून रायफलीसोबत फळीही फिरते.

*

मेथीवाल्या गजाननभाऊंची वैष्णवी आमची सगळ्यात पक्की नेमबाज. गेल्या वर्षी रायफल पोलिसांच्या नाक्यावर अडकली आणि तिची निवड चाचणी हुकली. ती रडली नाही, मीच रडलो. यंदा पुन्हा अमरावती, अकराच्या आत हजेरी. भाऊंच्या टेम्पोत मेथीच्या जुड्या, जुड्यांत रायफल, आणि आम्ही चौघं: भाऊ, वैष्णवी, चाचा, मी. धनजजवळ नाका!

नवे साहेब. मेथीतून नळी निघाली म्हटल्यावर संपलंच. चाचांनी फळी पुढे केली. "पाहून घ्या साहेब. पार नाही जात."

साहेबांनी फळी मातीच्या ढिगाला टेकवली. "मार पाच."

वैष्णवीने पाच मारले. साहेब वाकले. फळीवर भोक एकच! "बाकीचे चार कुठं गेले?"

"त्याच भोकात, साहेब," वैष्णवी म्हणाली.

साहेबांनी फळी उलटी केली. पाचवा छर्रा पार निघालेला!

"फळीच्या पार गेला! आता याले खेळनं म्हनू का हत्यार?"

चाचा हात जोडून म्हणाले, "रायफल खेळनंच हाय साहेब. हत्यार ते पोरगी हाय. तिले जमा करता का?"

ती फळी आज रेंजच्या दारावर टांगलेली आहे. भोकाखाली साहेबांच्या अक्षरात, सहीशिक्क्यानिशी: "तपासले. अकराच्या आत पोचवावे."