जहाज गेलं, लाटा राहिल्या

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस एकही नाही. आहेत ते फक्त डबे. स्वयंपाकघरामागची ती चिंचोळी कोठी, एकुलती एक खिडकी, आणि जमिनीपासून छतापर्यंत डब्यांची उतरंड. कॉफीच्या काचेच्या बरण्या, आइस्क्रीमचे चौकोनी डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, जॅमच्या बाटल्या, त्यांच्यावर बुटांची खोकी, आणि खोक्यांत आणखी लहान खोकी. नाटक कंपनीत मावळे म्हणून उभी केलेली मंडळी दिसतात ना, तसे सगळे एकमेकांना टेकून, हुकमाची वाट पाहत उभे. आणि एकाच्याही डोक्यावर झाकण नाही.

मग दाराशी काकी येतात. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर घर सोडून निघालेल्या माणसाचा भाव. आज त्यांना यातले निम्म्याहून जास्त टाकायचे आहेत, आणि तेही स्वतःच्या हाताने.

काकींचं सगळं आयुष्य एका कचेरीच्या कॅन्टीनमध्ये गेलं. आधी भांडी, मग चहा, आणि शेवटी कोठीच्या किल्ल्या कमरेला आल्या. साहेबापासून शिपायापर्यंत सारे त्यांना काकी म्हणत. पुढे सोसायटीही तेच म्हणू लागली. त्या कॅन्टीनमध्ये त्या एक नेम शिकल्या आणि त्यांनी तो घरीही आणला: भरलेला डबा झाकणासकट, रिकामा डबा झाकणाशिवाय. रिकामा डबा बंद ठेवला की आत वास धरतो, आणि तो वास मग पुढच्या साखरेला लागतो. म्हणून धुतलेले डबे फळीवर उघडे, आणि सगळी झाकणं कोठीच्या दारामागे एका पोत्यात. काकी त्या पोत्यात न बघता हात घालत आणि हवं ते झाकण बाहेर काढत. सूनबाई नवी असताना तिला ती जादूच वाटली होती.

त्या सूनबाईचंही म्हणणं खोटं नव्हतं. ती घरून काम करते, शाळांचे हिशेब तपासते. टेबल जेवणाचं, खुर्ची जेवणाची, आणि साहेब फोनवर असताना मागून कुकरची शिट्टी. एकदा शिट्टी झाल्यावर साहेबांनी विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही स्टेशनवर आहात का?" तेव्हापासून तिला ती कोठी हवी होती. एक टेबल, एक दिवा, एक बंद होणारं दार.

"आई, मी सगळं टाका म्हणत नाही," ती म्हणाली होती.

"मग काय म्हणतेस?"

"एक फळी तुमची. वरची आख्खी. तिला मी हात लावणार नाही. तिच्यावर मावतील तेवढे ठेवा."

"आणि प्रिंटर की काय ते तुझं?"

"ते खाली. फळी तुमची म्हणजे तुमची."

काकींनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी मान डोलावली. घर मुलाचं होतं, स्वयंपाक आता सूनबाईच्या हातात गेला होता. त्या घरात विचारल्याशिवाय उघडावं असं काकींजवळ दुसरं काय उरलं होतं? एक फळी. पण ती आपली.

म्हणून आज सकाळपासून ही निवड चालली होती. काकी एकेक डबा उचलत, ठोकून बघत, नाकाशी नेत.

"हा कशाला हवा?" सूनबाई दारातून विचारी.

"रवा राहतो यात."

"रव्याला आहे की डबा."

"तो फुटला तर?"

"आई, स्टीलचा आहे तो."

"माणसं मोडतात, बाई, डब्याचं काय घेऊन बसलीस." पण डबा टाकायच्या ढिगात गेला. अशा हुज्जतीत दुपार झाली, आणि दुपारपर्यंत सूनबाईही त्यात रमली. दोन बरण्या तर तिनेच ढिगातून उचलून परत फळीवर ठेवल्या. "या छान आहेत हो," ती म्हणाली. काकींनी न हसता तिच्याकडे पाहिलं, पण मनात मात्र दिवा लागला.

सगळ्यात शेवटी बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा. काकींच्या पहिल्या वर्षी कॅन्टीनमध्ये आला, रिकामा झाला आणि काकींबरोबर घरी आला. त्याच्या अंगावर निळ्या लाटा काढलेल्या आणि झाकणावर तीन शिडांचं जहाज. झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागे. चिरंजीव लहान असताना ते जहाज बघायला म्हणूनच खाऊ मागत. तो डबा फळीच्या मधोमध बसला. मग काकी हात धुऊन म्हणाल्या, "झाकणं संध्याकाळी निवडते. आता पाठ सरळ करू दे."

बस्स. एवढ्या एका झोपेत सगळा खेळ उलटला.

चिरंजीव त्या दिवशी लवकर घरी आले. सुस्वभावी माणूस, आईचा लाडका, बायकोला मदत करायची हौस असलेला. बायको फोनवर, आई झोपलेली, आणि टाकायचा ढीग समोर. त्यांनी तो गाडीत भरला. मग दारामागे पाहिलं तर पोतं. उघडलं तर झाकणं. नुसतीच झाकणं! डबे नाहीत, बरण्या नाहीत. ते पोटभर हसले आणि पोतंही गाडीत टाकून सगळं भंगारवाल्याला देऊन आले.

संध्याकाळी काकी उठल्या, दारामागे हात घातला, आणि हात भिंतीला लागला.

"पोतं कुठाय?"

"तुमच्या वाटाघाटीत ते राहूनच गेलं होतं," चिरंजीव कौतुकाची वाट बघत म्हणाले. "मी निकालात काढलं. अगं आई, झाकणांना डबेच नव्हते!"

काकींनी फळीवरून तो गोल डबा काढला आणि मुलाच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"जन्मभर या डब्यांतलं खाल्लंस. एक डबा कधी धुऊन ठेवला असतास तर कळलं असतं हे काय. जहाज नेलंस, राजा, आणि मला पाणी ठेवलंस."

सूनबाई फोन ठेवून धावत आली. पोत्याचं कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. "अहो, विचारायचं तरी! मी सकाळपासून एकेक डबा विचारून टाकतेय, आणि तुम्ही..."

"पण मी तर मदत..."

"मदत! आई, मला माहीत होतं हो ते पोतं. मी हात लावला नसता."

"तुला कोण बोलतंय? तू निदान भांडून टाकत होतीस," काकी म्हणाल्या.

सकाळी तिघे फळीवरचे डबे पिशवीत घेऊन भंगारवाल्याकडे गेले. लोखंडी फाटक, आत पुठ्ठ्यांचे डोंगर, एका कोपऱ्यात पत्रा दाबायचं यंत्र. भंगारवाल्याने काकींचं सगळं ऐकून घेतलं आणि टोपी मागे सरकवली.

"काकी, पत्रा काल संध्याकाळीच दाबला. गठ्ठे गेले पण. प्लास्टिकचे डबेही गेले. सुटी झाकणं आहेत, ती बघा."

काकी त्या ढिगाशी उकिडव्या बसल्या. पिशवीतून डबे काढायच्या, झाकण लावायच्या, काढायच्या. आइस्क्रीमची झाकणं मिळाली, पण हिरव्या डब्यांची. हिरवे डबे तर त्यांनी स्वतःच टाकले होते. पांढरं एक बसलं, पण एका बाजूने उचललं जाई. लाल एक अगदी ओळखीचं होतं, आणि ज्या बरणीचं ते होतं ती काल त्यांच्याच हातून ढिगात गेली होती. टाकलेल्यांची टोपणं हाताशी आणि ठेवलेल्यांची गठ्ठ्यात! काकींनी झाकण जमिनीवर आपटलं. चिरंजीव शेजारी बसून भराभर झाकणं पुढे करत होते आणि प्रत्येकदा म्हणत होते, "हे बघ, हे असेल." शेवटी काकी म्हणाल्या, "तू जरा लांब बस. तुझ्या हाताला यश नाही."

घरी परतताना एका पिशवीत झाकणं होती, त्यांना डबे नव्हते. दुसरीत डबे होते, त्यांना झाकणं नव्हती.

"आई, ही झाकणं टाकायची ना?" सूनबाईने हळूच विचारलं.

"टाकायची कशाला? उद्या एखादा डबा मिळाला तर?"

सूनबाईने ओठ दाबून हसू गिळलं.

कोठीत फळीवर डबे पुन्हा उघड्या तोंडाने बसले. चिरंजीवांना वाटलं, आता काही तरी शहाणपणाचं बोलावं. "आई, तसं बघितलं तर झाकणाशिवाय हे डबे निरुपयोगीच. मग ती फळीही मोकळीच झाली म्हणायची. तिथे प्रिंटर..."

"फळी आईंची आहे," सूनबाई म्हणाली, इतक्या जोरात की खिडकीतलं कबूतर उडालं.

काकींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग गोल डबा मधोमध ठेवला आणि त्यावर बशी उपडी घातली. बशी घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी बशी काढून बाजूला आदळली आणि लाटांचा डबा तसाच, उघडा राहू दिला.

चिरंजीव अगदी रडकुंडीला आले. "आई, चुकलं माझं. मी आजच्या आज नवा सेट आणतो. सगळे एकसारखे, घट्ट झाकणांचे. मग तर झालं?"

काकी चष्मा कपाळावरून नाकावर आणत म्हणाल्या, "आण बाबा. पण ज्या खोक्यातून येतील ना, ते खोकं फाडू नकोस."