गाळलेला भाग

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात काय शिकतो ते घरी सांगायची जबाबदारी आपली आहे, असं मला पहिल्या वर्षापासून वाटत आलं. शनिवारी साताऱ्याहून एसटीने मेढ्याला, तिथून जीपने पुढे आणि शेवटचा चढ पायी, असा मी घरी पोचायचो. चहा झाला की आण्णा विचारायचे, "ह्या आटवड्यात काय?" आण्णा म्हणजे माझे वडील. शाळा चौथीपर्यंत. इतिहास, अर्थशास्त्र त्यांनी ऐकून घेतलं आणि ते म्हशीकडे निघून गेले. तत्त्वज्ञान घेतल्यावर मात्र ते माझ्यासमोर बसायला लागले.

तिसऱ्या वर्षाला सरांनी मला सेमिनारसाठी ताओ विचार दिला. त्याची तुलना आपल्याकडच्या कर्मयोगाशी आणि बौद्ध विचाराशी करायची होती. विषय मी निवडला नव्हता. यादीत तो शेवटी उरला आणि हात वर करायला मला उशीर झाला. लायब्ररीत चिनी विचारांवरचं एक जुनं पुस्तक मिळालं, पाठीला कापड चिकटवलेलं. माझ्याआधी ते कुणी नेल्याची नोंद नव्हती.

जूनमध्ये एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी आण्णांना त्यातलं सांगितलं. ताओ म्हणजे वाट. सगळं जग ज्या वाटेने आपोआप चाललंय ती. माणसाने तिच्या आड येऊ नये, बळजबरी करू नये. पाण्यासारखं राहावं, मऊ, खालची जागा धरून. आण्णांनी विचारलं, "ह्यो चिनी मानूस शेती करत व्हता का?"

करत असावा, असं मी म्हणालो. मला खरं तर माहीत नव्हतं.

"मग बराबर हाय," ते म्हणाले.

आपल्याकडच्यापेक्षा यात वेगळं काय, असं त्यांनी विचारलं. मी वहीत लिहिलेलं सोपं करून सांगितलं. कर्मयोग म्हणतो, तुझं काम तू कर, फळावरचा हक्क सोड. बौद्ध विचार म्हणतो, दुःखाला कारण असतं, ते शोध आणि प्रयत्नाने काढून टाक. ताओ म्हणतो, करण्याचा हट्टच सोड. आण्णा थोडा वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "पैलं मास्तराचं, दुसरं डागदराचं. आन ह्ये आपल्यासारक्याचं." हे वाक्य मी तसंच सेमिनारच्या वहीत उतरवून घेतलं. वर्गात इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

एक भाग मात्र मी त्यांना सांगितला नाही. त्याच पुस्तकात पुढे असं होतं की निसर्गाला माया नसते. कोण आपला, कोण परका, कोण भला, हे तो पाहत नाही. त्याच्या चालण्यात आपण नसलो तरी त्याचं काही अडत नाही. ते पान मी दोनदा वाचलं होतं. पण आण्णा खुशीत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणातलं काहीतरी त्यांना स्वतःचं वाटत होतं. मी वही मिटली.

पुढच्या महिन्याभरात आण्णांनी ते सगळ्या वाडीला सांगितलं. देवळाजवळच्या कट्ट्यावर लोक त्यांना छेडायचे. कुणी म्हणायचं, मग तुजं भात आपसूक लागतंय का रं? आण्णा म्हणायचे, "आपसूकच लागतंय. मी निस्ता आडवा येत न्हाई." लोक हसायचे. मलाही अभिमान वाटायचा, हे कबूल केलं पाहिजे.

हॉस्टेलवर माझ्या खोलीतला मित्र सांगलीचा. बौद्ध घरातला, नदीकाठच्या वस्तीतला. त्याला मी सेमिनार वाचून दाखवला. पाणी नम्र असतं, या वाक्यावर त्याने मला थांबवलं.

"नम्र? आमच्या घरात माळ्यापर्यंत आलं होतं ते. आजीचा फोटो घेऊन गेलं. विचारलं नाही कुणाला."

मी ओशाळून हसलो. तो हसला नाही. त्याच्या घरात लहानपणापासून एकच शिकवण होती, ती त्याने मला सांगितली. कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस, स्वतः जाऊन बघ, पटलं तर धर. मी तेही टीप म्हणून लिहून घेतलं. माझी सवयच तशी होती. कुणी काही बोललं की लिहून घ्यायचं.

जुलैच्या शेवटी पावसाने जोर धरला. आमच्याकडे पाऊस नवा नाही. पंधरा पंधरा दिवस सूर्य दिसत नाही आणि त्याची कुणी तक्रार करत नाही. त्या शनिवारी घरी गेलो तेव्हा आण्णा दाराला रंधा मारत बसले होते. दार चौकटीला घासत होतं. पावसात लाकूड फुगतं, दरवर्षीचंच आहे. आई लोणंदला माझ्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली, घरात आण्णा एकटेच. मी दार धरलं, त्यांनी वरची कड तासली. रविवारी सकाळी ते पुन्हा अडकलं. आम्ही पुन्हा तासलं. घरामागच्या झऱ्याला पाणी भरायला गेलो तर ते तांबूस आलं होतं. कळशी ओतून पुन्हा भरली, पुन्हा तसंच. मी आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, एवढ्या पावसात व्हायचंच. मीही तेच मानलं आणि दुपारच्या गाडीने साताऱ्याला परतलो.

बुधवारी तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते वाडीच्या खालच्या अंगाला राहतात. आमच्या घरामागच्या डोंगराला भेग पडल्याचं त्यांनी सांगितलं. तलाठी येऊन बघून गेले होते. वरच्या आळीतल्या सगळ्यांना खालच्या शाळेत हलायला सांगितलं होतं. सगळे हलले, आण्णा सोडून.

"मी सांगून दमलो," तात्या म्हणाले. "डोंगराशी भांडायचं नसतं म्हनतोय. तुजंच सांगतोय मला. तुज्या शब्दानं बसलाय तो. तूच ये आन उठीव."

मी फोन धरून जिन्यात उभा राहिलो. माझं बोलणं कुणी एवढं मनावर घेईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मित्राला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "वही ठेव. आधी जाऊन भेग बघ."

गुरुवारी दुपारी पोचलो. तात्या मला आधी वर घेऊन गेले. घरापासून शंभर पावलांवर, कारवीच्या झुडपांतून, डोंगर आडवा फाटला होता. फार मोठं काही नव्हतं. हाताचा पंजा मावेल इतकी रुंद चीर, लांबपर्यंत गेलेली. तात्यांनी दोन्ही काठांवर समोरासमोर काठ्या रोवल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांच्यामधलं अंतर एक वीत होतं, आता दीड. फौजेतल्या माणसासारखं ते मला सगळं क्रमाने सांगत होते. मी वाकून चिरेत हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत गार हवा होती आणि खूप खालून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. वरून पाऊस पडत होता आणि आतूनही. मी हात काढून घेतला.

खाली आलो. तात्या म्हैस आणि रेडकू सोडायला गोठ्याकडे गेले. मी घरात शिरलो. पाऊस तिरपा येत होता. आण्णा म्हणाले, दार लाव, पानी येतंय. मी खांदा लावून दार दाबलं, तेव्हा कुठे बसलं.

आण्णा चुलीपुढे बसले होते. मी म्हणालो की खाली चला. त्यांनी मला चहा विचारला. मी कर्तव्याचं बोललो. आई बाहेर आहे, बहिणीचं बाळ यायचंय, तुमच्यावर माणसं अवलंबून आहेत. ते म्हणाले, हे तात्याबी म्हनतो, त्याला सायबानं हुकूम दिला की पुरं. मी कारणाचं बोललो. भेगेत पाणी मुरतंय, त्याने माती सुटते, मी स्वतः हात घालून बघितलंय. ते म्हणाले, डोंगर तुज्या आज्याच्या आदीपासनं हाय, त्याची वाट त्याला ठावं हाय. मऊ राहावं, आड येऊ नये. एकेक शब्द माझाच होता, फक्त त्यांच्या बोलीतला.

मग मी तो भाग सांगितला. निसर्गाला माया नसल्याचा. तो आपल्याला ओळखत नाही, आपण चांगले आहोत हे त्याला माहीत नसतं, असं त्याच पुस्तकात असल्याचं. 

आण्णांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग त्यांनी विचारलं, "ह्ये तवा का न्हाई सांगितलंस?"

"तुमाला आवडलं नसतं म्हनून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"आनकी काय काय गाळलंस?"

 दोन वर्षांहून जास्त काळ दर शनिवारी मी त्यांना काही ना काही सांगत आलो होतो. त्यातलं किती पूर्ण होतं आणि किती त्यांना आवडावं म्हणून होतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. म्हणालो की तुम्ही येत नसाल तर मीही जात नाही. हे मी त्यांना भाग पाडायला म्हणालो नव्हतो. मी खरंच बसून राहणार होतो.

"येड्यासारकं करू नगंस. तू जा," असं म्हणून ते मला वाटेला लावायला उठले. त्यांनी दाराची कडी काढली आणि ओढलं. दार हललं नाही. पाय चौकटीला लावून ओढलं, तरी नाही. मीही हात लावला. चौकटीतून कुठून तरी बारीक करकर ऐकू येत होती. आम्ही ओढायचं थांबलो तरी ती चालूच होती.

आण्णा मागे सरले आणि दाराकडे बघत राहिले. वरच्या एका कोपऱ्यात दार चौकटीत रुतलं होतं. त्याच बाजूला खाली मात्र दोन बोटांची फट पडली होती आणि तिच्यातून बाहेरचा उजेड दिसत होता. त्यांनी खाली वाकून फटीत बोटं घातली. वरच्या कोपऱ्यावरून तळवा फिरवला.

"लाकूड फुगलं तर सगळीकडनं फुगतं. हितं चौकटच तिरकी झालीया," ते हळूच म्हणाले. मला नव्हे, दाराला म्हटल्यासारखं. मग त्यांनी भावाला हाक दिली. आवाज रोजच्यासारखाच होता. "तात्या, पहार आन रं."

तात्यांनी बाहेरून पहार घालून दार बिजागरीतून उचकटलं. आण्णांनी बियाण्याची पिशवी आणि आईची ट्रंक घेतली. मागे वळून न बघता ते म्हशीच्या पुढे चालू लागले. उतारावरून आम्ही तात्यांच्या घरी आलो. परतीच्या एसटीत मला सुचलं की ताओचा खरा अर्थ हाच असावा. पाणी अडून बसत नाही, ते जागा सोडून पुढे जातं. आण्णांना हे सांगितलं असतं तर कदाचित त्यांना पटलं असतं. पण वेळेवर ते सुचलं नाही. आणि आता सुचलंय, तर तेही मी सोयीचं काढलेलं असेल का, असं वाटतं.

डोंगर पडला नाही. लोक दहा दिवस शाळेत राहिले. पाऊस ओसरला तसं एकेक घर परत वर गेलं. पहिल्यांदा दिवसा, मग रात्रीही. कट्ट्यावर आता तात्यांची चेष्टा होते, हवालदारानं डोंगराला अटक केली म्हणून. आण्णा अजून तात्यांच्या घरी आहेत. पण रोज सकाळी वर जातात, भाताची खाचरं बघतात, घर झाडतात. तात्या सांगतात की चीर गाळाने भरून गेली आहे आणि तिच्यावर गवत आलंय. काठ्या वाहून गेल्या. आता कुठून मोजायचं ते त्यांनाही कळत नाही.

सेमिनार झाला. शेवटी सरांनी विचारलं, तीन विचारांपैकी तुला कुठला पटतो? मी म्हणालो, माहीत नाही. सर म्हणाले, अभ्यास वाढव. मी मान डोलावली.

आता भात पोटरीत आलंय, लोंब्या फुटायला आल्यात आणि रानडुकरं उतरायला लागली आहेत. आज आण्णांचा फोन आला. उद्यापासून राखणीला वरच्या घरात झोपायला जाणार असल्याचं ते म्हणाले. पावसाने परत जोर धरलाय, हेही सांगितलं, सहज सांगावं तसं.

"आण्णा, जाऊ नका," मी म्हणालो.

"का? कुटल्या इचारानं?"

"कुटल्याच न्हाई. मला भ्या वाटतंय."

 मागे तात्यांच्या घरातली भांडी वाजत होती, कुणीतरी म्हशीला ओरडत होतं. मग ते म्हणाले, "बघू," आणि फोन ठेवला.

मेढ्याची पहिली गाडी सव्वासहाला आहे. सरांना सुट्टीचा अर्ज लिहून मित्राकडे दिला आहे. कारण काय लिहावं ते कळेना, म्हणून "घरगुती" एवढंच लिहिलं. सकाळी मी निघतोय. गाडी वेळेवर सुटली तर अंधार पडायच्या खूप आधी पोचेन.