थांबवायची गोळी

मोठ्या बाईंना मी एस.टी.त कधी पाणी पिताना पाहिलं नाही. सोलापूर ते वैराग, पुढं रिक्षानं आमची शाळा, एवढा प्रवास मार्चच्या उन्हातही त्या कोरड्या तोंडानं करायच्या. "पाणी प्यायचं नि जायचं कुठं?" म्हणायच्या. शाळेतल्या संडासाला पाणी नव्हतं, दाराला कडी नव्हती आणि शिक्षकांत बायका आम्ही दोघीच.

पर्समध्ये जुलाब थांबवायच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. पोटात गुडगुडलं की एक गोळी. एका लग्नातल्या जेवणानंतर माझं पोट बिघडलं, तेव्हा मलाही त्यांनी एक दिली होती. ताप नव्हता, काही नव्हतं. मी निर्धास्त घरी पोचले. "थांबलं ना? मग झालं की," बाई हसून म्हणाल्या.

त्यांना कळत नव्हतं असं नाही. अंगणवाडीच्या मदतनीस सुनीतानं एकदा लेकरासाठी गोळी मागितली. बाईंनी पर्स मिटली. "लेकरांना ही न्हाय द्यायची. साखर-मिठाचं पाणी पाजत राहा, अंगावरचं दूध तोडू नको आणि लगेच दवाखान्यात ने." सुनीता गेली. पोर दोन दिवसांत पुन्हा अंगणात रांगायला लागलं.

पुढच्या पावसाळ्यात गावाच्या नळाला गढूळ पाणी आलं. शाळेची तपासणी तोंडावर होती. बाई जुलाबानं सारख्या बाहेर जात होत्या. वैरागच्या औषधाच्या दुकानात मी सोबत होते. दुकानदारानं पट्टी काढता काढता विचारलं, "ताप, रक्त असलं काय नाही ना बाई? असलं तर ही घेऊ नका, डॉक्टरला दाखवा."

"नाही हो," बाई म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. तो तव्यासारखा तापला होता.

"बाई, ताप हाय की तुम्हाला!"

"गप गं. तपासणी होऊ दे."

मी रस्त्यावर पुन्हा विनवलं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या गोळी तोंडात टाकली. पाण्याचा घोट तेवढ्यापुरता.

जुलाब थांबले. तपासणीही चांगली झाली. साहेब वर्गातून गेल्यावर बाई खुर्चीवर बसल्या आणि उठल्याच नाहीत. पोट ढोलासारखं ताणलं होतं, ओठ पांढरे पडले होते. आम्ही जीप करून त्यांना सोलापूरला आणलं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं पोटावर हात ठेवला आणि त्याचा चेहरा बदलला. "रक्त पडत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

बाई छताकडं बघत राहिल्या. "चार दिवस झाले असतील."

"मग थांबवायच्या गोळ्या का घेतल्या? ती घाण बाहेर पडायला हवी होती."

"शाळा होती की," त्या म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

आतडं फुगून फाटलं होतं. ऑपरेशनला नेताना त्यांनी माझं बोट धरलं. "माझा वर्ग कोण घेतंय?"

"मी घेते," मी म्हणाले.

"फळ्यावर मोठं लिही. मागच्यांना दिसत न्हाय."

त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

सोमवारी मी दोन्ही वर्ग एकत्र बसवले. पोरं नेहमीसारखी उठून उभी राहिली, "नमस्ते बाई" म्हणाली आणि माझ्यामागं कोण येतंय ते बघायला माना वाकवून दाराकडं बघत राहिली.