एकही पायरी न गाळणारे वरसईकर सर

वरसईकर सरांना मी प्रथम पाहिले ते लंडनमधल्या आमच्या सिनेगॉगच्या मागच्या खोलीत, एका रविवारी. तीन वर्षांची मुले, विद्येची गोडी लागावी म्हणून पाटीवरच्या हिब्रू अक्षरांना लावलेला मध चाटत होती आणि सर एकेकाची हनुवटी पुसत होते. डॉक्टरेट मिळवून नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात हिब्रू शिकवणाऱ्या मला तो प्रकार अध्यापनापेक्षा न्याहारीच्या अधिक जवळचा वाटला. तसे मी बोलूनही दाखवले. सरांनी हसून ओला फडका माझ्या हाती दिला.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. मुंबईहून इकडे आलेल्या आम्हा मराठी ज्यूंच्या दोन पिढ्या त्यांनी शिकवल्या. तिसऱ्या वर्षी अक्षरे, पाचव्या वर्षी मूळ धर्मग्रंथ, दहाव्या वर्षी नियम, तेराव्या वर्षी सर्वांसमोर वाचन, पंधराव्या वर्षी नियमांवरचा वाद. यांतली एकही पायरी त्यांनी कोणाला गाळू दिली नाही; एका विश्वस्तांच्या नातवालाही नाही.

बेंजामिनभाऊ, निवृत्त बसचालक, वर्गात आले तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. लहानपणी हे शिक्षण राहून गेलेले, आणि आता नजर झपाट्याने अधू होत चाललेली. दिसते आहे तोवर एकदा तरी सेफेरमधून, म्हणजे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीतून, वाचायचे एवढीच त्यांची इच्छा. वेळ थोडा होता, म्हणून उतारा सरळ पाठ करून घ्यावा, असे मी सुचवले. सरांनी त्यांना मधाच्या वर्गात बसवले.

“अहो सर, लोक हसतील!”

“हसू द्या. इथली निम्मी मंडळी अजून नॅपीत आहेत. तुम्ही तेवढे तरी पुढे आहात की!”

सव्वा वर्षाने वाचनाचा शनिवार उजाडला. हे वाचन ठरावीक चालीत गायचे असते; पण गुंडाळीत काना-मात्रांसारखी स्वरचिन्हे नसतात, चालही लिहिलेली नसते. वाचणाऱ्याशेजारी उभे राहून चुका मोठ्याने सुधारण्याचे काम माझ्याकडे होते. चौथ्या ओळीत भाऊंची चाल ढळली आणि मी तत्काळ टोकले. ते थांबले. अक्षरांना बोट लागू नये म्हणून ओळीवर धरायची चांदीची कांडी घसरली, ओळ हरवली.

“अर्थ बदलला का, डॉक्टर?” सरांनी जागेवरूनच विचारले.

“नाही.”

“मग टोकायचे नसते. हा दहाव्या वर्षाचा धडा.” मग भाऊंकडे वळून म्हणाले, “सावकाश येऊ द्या, भाऊ. आम्ही सगळे स्टॉपवर उभे आहोत.”

सभागृह हसले, भाऊही हसले. कांडी पुन्हा जागेवर आली, ओळ सापडली आणि त्यांनी उतारा शेवटपर्यंत वाचला. वरच्या सज्जातून बायकांनी रिवाजाप्रमाणे लिमलेटच्या गोळ्यांचा असा वर्षाव केला की माझा चष्मा पडला.

नंतर सरांनी मला बाजूला घेतले. बोलणी खाण्याची माझी तयारी होती.

“तुमची पंधराव्या वर्षाची पायरी उत्तम आहे,” ते म्हणाले. “या रविवारपासून तिसऱ्या वर्षाचा वर्ग तुम्ही घ्या.”

गेली चार वर्षे मी तो घेतो आहे. परवा सरांनी मागे बसून माझा तास ऐकला आणि “प्रगती आहे” एवढेच म्हणाले. आमच्यात एकशेवीस वर्षांचे आयुष्य चिंततात. सरांना ते निरोगी शरीरासह आणि याच खणखणीत आवाजासह लाभो. मला वरच्या वर्गात त्यांच्याच हातून जायचे आहे.