भावजींची दुसरी बोट

माझ्या शैलाताईचे यजमान, म्हणजे वैजनाथभावजी, यांना मासे पकडण्याचा नाद आहे. त्यांच्या घराण्यात भिक्षुकी झाली, कारकुनी झाली, पण गळ टाकणारे हेच पहिले. बरं, पकडलेला मासा खायचाही नाही. हातात घ्यायचा, कौतुकानं बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. खायचा नाही तर त्या मुक्या जिवाला त्रास कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "मेहुणीबाई, तुम्ही दुकानात ढीगभर साड्या उलगडून बघता आणि काही न घेता बाहेर येता, ते काय असतं?" त्या बोलण्याचा राग अजून गेलेला नाही.

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक निळी कयाक घेतली. एकाच माणसाची, चिंचोळी होडी. दर रविवारी सिडकोतल्या घरासमोर ती गाडीच्या टपावर बांधायची आणि बिडकीनच्या पुढच्या एका तलावावर जायचं, हा त्यांचा नेम. ताई पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, फाटक लावायची आणि आत यायची.

गेल्या वर्षी भावजींनी जाहीर केलं, की आता दुसरी बोट घ्यायची. त्यांचा मुलगा अमेय पुण्याहून यायचा, कॉलेजातले मित्र राजकुमारसर सोबत जायचे, पण बोट एकच. एक जण पाण्यात आणि बाकीचे काठावर पाळीची वाट बघत. "एकट्यानं बघितलेलं पाणी अर्धंच बघितल्यासारखं वाटतं," भावजी म्हणाले. ऐकून मलाही बरं वाटलं. माणूस सुधारतोय, असं वाटलं.

मग चर्चा सुरू झाली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर कयाकचे फोटो दाखवले जाऊ लागले. अमेयला निळीसारखीच वेगवान बोट हवी होती. राजकुमारसर म्हणत, "दोघांची घ्या हो. मी मागं बसतो, तुम्ही वल्हवा." गॅस सिलेंडर घेऊन आलेल्या माणसानंही मत दिलं. माझं म्हणणं एवढंच होतं, की तो पोपटी रंग तेवढा नको.

एवढ्यात महालक्ष्म्या आल्या. जेवणाच्या दिवशी ताईकडे सगळं गणगोत जमतं, आणि पंगत अजूनही जमिनीवर, पाटावर बसते. पंगत अर्ध्यावर आली असताना भावजींना काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, "बोटीतली बैठक अशीच असते, पाटाएवढी. तेव्हा उठताना कुणी हात टेकवायचे नाहीत. ज्याला जमेल, त्याला माझ्या निळीसारखी बोट जमेल."

जेवणं झाल्यावर हसून हसून पुरेवाट झाली. अमेय टुणकन उठला. राजकुमारसर अर्धे उठले आणि परत बसले. "लई पुरण झालं हो," म्हणत त्यांनी शेजारच्या भाच्याचा खांदा धरला. मी भिंतीला हात लावला, तो भावजींनी पाहिलाच. वर्गात पेपर तपासल्यासारखे ते एकेकाला पास-नापास करत होते.

मी सहज म्हटलं, "आणि ताईचं काय?"

"शैला? तिला कुठं मासे चालतात," भावजी म्हणाले.

ताई दारात उभी होती, हातात आंबिलीचं पातेलं. "मासे चालत नाहीत," ती म्हणाली. "पाणी चालतं मला. तुम्ही गॅसवाल्याला विचारलं, मला नाही विचारलं."

हसणं थांबलं. भावजी गडबडले. आपलाच पाट पुढं सरकवून म्हणाले, "मग बस बघू. तुझीही परीक्षा."

"मला पाटावर बसता येत नाही. दोन वर्षं झाली. गुडघे वळत नाहीत. म्हणून तर मी वाढत असते."

ती आत गेली. मी मागोमाग गेले, तर ओट्याशी उभी राहून जेवत होती. दर वर्षी ती 'मी नंतर बसते' म्हणायची, आणि ते नंतर कधी येतच नव्हतं. मला भावजींचा इतका राग आला, की बाहेर जाऊन काहीतरी बोलणार होते. पण ते स्वयंपाकघराच्या दाराशीच उभे होते. घरात राहून त्यांना हे दिसलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मी वळले आणि ताईच्या ताटात भाजी वाढली.

पुढच्याच आठवड्यात ते ताईला घेऊन पुण्याच्या दुकानात गेले. अमेय आणि मीही होतो. तिथं एक रुंद, जडशी पिवळी बोट होती, आणि तिच्यात जाळीची उंच खुर्ची. दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, ही पळत नाही हं. स्थिर मात्र आहे." भावजींनी बोट दुकानाच्या फरशीवर नीट टेकवून घेतली आणि ताईचा हात धरून तिला बसवलं. मग हात सोडला. ताईनं बोटीच्या कडांवर तळवे ठेवले, जोर लावला आणि सावकाश, आपली आपण उठली.

"हीच," भावजी म्हणाले. अमेयनं तोंड पाडलं, तर म्हणाले, "तू निळी घे. ती तुझी."

पहिल्या रविवारी ताई लाइफ जॅकेट घालून त्या खुर्चीत बसली. आम्ही बोट पाण्यात ढकलली. अमेयकडून निळी मागून घेतलेले भावजी सवयीनं भराभर पुढं गेले, मग थांबले, आणि ती येईपर्यंत वल्हं मांडीवर ठेवून बसले. ताईनं चहूकडे नजर फिरवली, पाण्यात हात बुडवला. नंतर म्हणाली, "एवढं सगळं तुम्ही एकटेच बघत होता?" भावजींनी मान खाली घातली.

तिनं अट घातली, की पिवळ्या बोटीवर गळ चालणार नाही. ज्यांना मासे पकडायचेत त्यांनी निळीत जायचं. राजकुमारसर आता आपल्या पाळीला पिवळीत बसून नुसतं पाणी बघतात आणि त्यांना ते मासेमारीहून जास्त आवडतं.

यंदाच्या महालक्ष्म्यांना पंगत मांडली, तेव्हा भावजी गच्चीवरून पिवळ्या बोटीची खुर्ची काढून घेऊन आले. धुतलेली, पुसलेली. त्यांनी ती आपल्या पाटाशेजारी ठेवली, समोर एक चौरंग मांडला आणि ताटाभोवती स्वतः रांगोळी काढली. वेडीवाकडीच आली.

त्यांच्या आत्याबाई कडाडल्या, "अरे वैजनाथा, मासळीच्या बोटीतली खुर्ची देवीपुढं?"

"आत्या, या बोटीवर एकही गळ पडलेला नाही," भावजी म्हणाले. "विचारा तिला."

ताईनं पदराला हात पुसले. क्षणभर आत्याबाईंकडे पाहिलं, आणि बसली. त्या दिवशी वाढायला भावजी होते. चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे, सगळा आनंदीआनंद.

पंगत उठायला लागली. भावजी तिच्यापुढं उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "उठताना हात टेकवले तरी चालतील हं."

"मला उठायची घाई नाही," ताई म्हणाली. "पोळी वाढा. गरम."