नालबंदाच्या हातावरची पैज

हुबळी स्टेशनाबाहेरचे टांगे गेले, आणि त्यांच्यामागोमाग आमचं पोटही गेलं. माझे अप्पा नालबंद. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन खूर कापायचा, कानशीनं घासायचा आणि नाल ठोकायचा, एवढीच विद्या त्यांना येते. रिक्षाला नाल लागत नाही. कमरीपेठेतल्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. अव्वा, म्हणजे माझी आई, एका खानावळीत भाकऱ्या थापायला जायची आणि उरलेल्या भाकऱ्या पदराखाली घेऊन यायची. अप्पा गोकुळ रोडवर एका वर्कशॉपात लोखंडी गेटं घासायला लागले. तिथला फोरमन त्यांच्याहून लहान होता आणि त्यांना "ए घोडेवाल्या" म्हणून हाक मारायचा. अप्पा "काय री साहेब" म्हणून जायचे; कानडीत री म्हणजे अहो. घरी आल्यावर मात्र ऐरण पुसून ठेवायचे. गिऱ्हाईक नसलं तरी रोज पुसायचे.

आमचं मूळ गाव अळणावरच्या बाजूला. तिथल्या जत्रेत हलक्या घोडागाड्यांची शर्यत होते. एक घोडा, दोन चाकं, एक गाडीवान, आणि देवळापासून ओढ्यापर्यंतचा सरळ मातीचा रस्ता. शर्यतीसाठी आसपासच्या गावांतून अजून घोडे पाळले जातात, म्हणून अप्पांचं काम अगदीच संपलं नाही. जत्रेआधी ते वर्कशॉपात रजा टाकायचे आणि गावाकडं जायचे. त्या कामावर आणि अव्वाच्या भाकरीवर मी धारवाडला कॉलेज केलं. आमच्या अख्ख्या घराण्यात पहिली पदवी माझी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

त्या शर्यतीचा एक रिवाज होता. दोन गाडीवाल्यांत पैज लागली की दोघांचे पैसे नालबंदाच्या हातावर ठेवायचे. पंचांच्या नाही, पुजाऱ्याच्या नाही, नालबंदाच्या. कारण साधं आहे. शर्यतीच्या सकाळी प्रत्येक घोड्याचा पाय त्याच्या मांडीवर येतो. एक खिळा केसभर आत गेला तर घोडा लंगडतो आणि कुणाला कळतही नाही. ज्या माणसावर एवढा भरवसा टाकलाय, त्याच्या हातावर पैसे ठेवायला काय हरकत? अप्पा ते पैसे खिळ्यांच्या डब्यात टाकायचे आणि शर्यत संपली की जिंकणाऱ्याला द्यायचे. त्यातला पैसा त्यांनी कधी घेतला नाही. चहासुद्धा नाही.

मग बंदीचे दिवस आले. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांवर सरकारनं बंदी आणली, कोर्टात वाद झाले, टीव्हीवर रोज भांडणं. पैज बंद करा म्हणणारे एकीकडं, आणि पैज गेली तर घोड्यांच्या शर्यतीच मरतील, त्यावर जगणारी माणसं कुठं जातील, असं म्हणणारे दुसरीकडं. मी धारवाडात सुभाष रोडवरच्या एका दुकानात हिशेब बघत होते, तिथंही गिऱ्हाईकं यावरच बोलायची. आमच्या गावाला त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटलं तेव्हा उशीर झाला होता. शर्यतीला आता पोलिसांची परवानगी लागेल, असा निरोप आला.

गावानं मला बोलावलं. शिकलेली आहे, कानडीत नीट अर्ज लिहील म्हणून. अर्ज मी लिहिला, आणि चांगला लिहिला. जुनी परंपरा, जनावरांची काळजी, शांततेची हमी, सगळं घातलं. अप्पा, मी आणि गावचे म्हातारे गौडा अण्णा असे तिघं ठाण्यात गेलो. साहेब तरुण होते, बोलायला मऊ. अर्ज वाचून मान हलवत होते. तेवढ्यात गौडा अण्णांना वाटलं, आपल्या गावचा मोठेपणा साहेबांना नीट कळला नाही.

"साहेब, ही असली तसली शर्यत नव्हे री," ते छाती काढून म्हणाले. "बेळगावकडनं गाड्या येतात. आमच्याएवढ्या मोठ्या पैजा या भागात कुठं लागत नाहीत!"

मी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "असं? मग पैशे कोण धरतं?"

गौडा अण्णांना तोवर काय झालं ते कळलं होतं. ते छताकडं बघायला लागले. अप्पा उठून उभे राहिले.

"मी धरतो, साहेब."

सगळं बोलणं कानडीत चाललं होतं, मी इथं मराठीत सांगतेय. साहेबांनी विचारलं, "हे गुन्ह्यात बसतं, माहीत आहे?"

"आत्ता कळलं. आजपासून धरणार नाही."

"तू नाही धरलास तर दुसरा धरेल."

"दुसऱ्याच्या हातावर कुणी ठेवणार नाही री," अप्पा म्हणाले. बढाईनं नाही, जसा नालाचा भाव सांगतात तसं. "एकमेकांवर विश्वास असता तर माझ्याकडं कशाला आले असते?"

साहेबांनी पेन परत उचललं. मग म्हणाले, परवानगी देतो, पण तुमच्या जबाबदारीवर. एक जरी पैज सापडली तर शर्यत कायमची बंद आणि केस तुमच्यावर. अप्पांनी सही केली. कानडीतली ती सही मीच त्यांना शिकवली होती, मी कॉलेजात गेले त्या वर्षी.

खरं भांडण गावात झालं. देवळाच्या कट्ट्यावर सगळे जमले. पिठाची गिरणी असलेला एक मालक होता, त्याची घोडी सगळ्यांत तेज. पैजाही त्याच्याच मोठ्या.

"काय रे, नालबंद आहेस की मठाचा स्वामी?" तो म्हणाला. "पैज नाही तर शर्यत कशाची? बेंगळुरातले मोठे मोठे लोकसुद्धा तेच सांगतात. पैजेशिवाय घोडं पळत नाही."

अप्पा म्हणाले, "मी इतकी वर्षं बघितलो. चाबूक बघून पळणारं घोडं बघितलो, पुढचं घोडं बघून पळणारं बघितलो. पैज बघून पळणारं एकही बघितलो नाही."

लोक हसले. गिरणीवाला आणखी चिडला. "बरं. मग मी माझी घोडी दुसरीकडं नाल मारून आणतो. पैशे माझा मेव्हणा धरेल."

"तुझा मेव्हणा?" समोरचा गाडीवाला म्हणाला. हा दरवर्षी गिरणीवाल्याशी पैज लावणारा. "त्यापेक्षा ओढ्यात टाकतो की! निदान मासे तरी खातील."

गिरणीवाल्यानं मग आणखी दोघांची नावं घेतली. एकाला समोरच्यानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं स्वतःच हात जोडले. तिथं मला समजलं की ठाण्यात अप्पा किती खरं बोलले होते. गावात पैसेवाले होते, पुढारी होते, पण दोन भांडणाऱ्या माणसांनी डोळे झाकून पैसे ठेवावेत असा हात एकच होता. तो हात मागं घेतला गेला आणि पैज उभी राहीना. मी कॉलेजात कायद्याचे दोन पेपर दिलेत. कायदा असा कुणा एकाच्या हातून राबवला जाताना मी पहिल्यांदा बघितला.

"पण मग गाड्या आणणार कोण?" गौडा अण्णांनी विचारलं. हा प्रश्न खरा होता. घोडा पाळणं स्वस्त नाही. गाड्या आल्या नाहीत तर शर्यत नाही, शर्यत नाही तर घोडे विकले जाणार, आणि मग अप्पांना कायमचं गोकुळ रोडवर गेटं घासायची.

अप्पा म्हणाले, "जिंकेल त्या घोड्याला वर्षभर नाल माझ्या हातचे. फुकट."

कुणी वा वा केलं नाही. गिरणीवाला उठून गेला. परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "अप्पा, पोटावर पाय आणून घेतलात." ते म्हणाले, "पोट तर आहेच की. पण मी कोण आहे ते पण बघायला पाहिजे."

जत्रेच्या सकाळी अप्पा चिंचेखाली ऐरण मांडून बसले. मी शेजारी. गाड्या आल्या, पण नेहमीच्या निम्म्याही नाहीत. माणसं मात्र आली. बायका आल्या, लेकरं घेऊन आल्या; एरवी पैजेवरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणून त्या घरातच राहायच्या. साध्या वेषातले दोन पोलीस उसाचा रस पीत फिरत होते, आणि अख्ख्या गावाला ते पोलीस असल्याचं माहीत होतं.

शर्यतीची वेळ होत आली तेव्हा गिरणीवाला आला.

"बघायला आलोय नुसता," तो म्हणाला.

"हो की," अप्पा म्हणाले. "आणि घोडी? ती पण बघायलाच आली?"

तो ओशाळून हसला. दुसरीकडं मारलेला मागच्या पायाचा नाल हलत होता. अप्पांनी घोडीचा पाय मांडीवर घेतला. जुना नाल काढला, खूर घासला, नवा ठोकला. ज्या माणसानं कट्ट्यावर चारचौघांत त्यांची चेष्टा केली होती, त्याच्या घोडीचा खूर ते असा जपून धरून होते जसा बाकी सगळ्यांचा धरतात. काम झाल्यावर घोडीच्या मानेवर थाप मारून म्हणाले, "जा."

घोडी गेली ती सगळ्यांच्या पुढंच गेली. ओढ्याजवळ धुरळा बसला तेव्हा गिरणीवाला टोपी उडवत नाचत होता. समोरचा गाडीवाला हरला होता, पण पहिल्यांदाच हरून भांडला नाही. उलट म्हणाला, "पुढच्या वर्षी बघतो तुला."

गिरणीवाला अप्पांकडं आला. "म्हणजे आता वर्षभर तुझ्याच दारात यायचं म्हण."

"ये की. हिच्या अव्वाच्या हातचा चहा पण मिळेल."

तो वर्षभर घोडी टेम्पोत घालून हुबळीला आला. त्याच्यामुळं बाकीचेही आले, आणि त्यांनी पैसे देऊन नाल मारून घेतले. साहेबांनी पुढच्या वर्षीची परवानगी पहिल्याच भेटीत दिली. वर्कशॉपातलं काम अप्पांनी सोडलं.

आमच्या गावची घोडागाड्यांची शर्यत आता दरवर्षी होते, परवानगीनं होते, आणि तिच्यावर पैज लागत नाही. हे माझ्या अप्पांनी केलं.